परदेशी वेल, गावचे वैरी

लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आणला. कोलंबसानंतरच्या काळात मका, मिरची, बटाटा यांच्याबरोबर तोही समुद्र ओलांडून जगभर गेला. आपल्याकडे तो असा काही रुळला की त्याच्या परदेशीपणाची आठवण कुणाला उरली नाही. पितृपक्षातल्या पानावर त्याची भाजी असते, श्रावणात घारगे होतात, दह्यातलं भरीत होतं. गोठ्याच्या छपरावर चढलेला नाही तर उकिरड्याच्या कडेने पसरलेला वेल अजून गावोगाव दिसतो.

वेल आला, पण त्याचे तिकडचे शत्रू मागे राहिले. अमेरिकेतल्या बागाईतदारांचे भोपळ्यावरचे दोन मोठे वैरी म्हणजे बुंध्यात शिरून वेल आतून पोखरणारी एका पतंगाची अळी आणि पानांतला रस शोषणारा एक करडा ढेकूण. हे दोघंही भारतात नाहीत. तरीही परदेशी व्हिडिओ पाहून वेलाच्या बुंध्याला चकचकीत कागद गुंडाळणारे हौशी लोक मला भेटतात. जो चोर या गावात नाही त्याच्यासाठी कुलूप लावण्यात त्यांचा वेळ जातो, आणि इथला चोर मागच्या दाराने आत शिरतो. आपल्या भोपळ्याचं नुकसान करणाऱ्या दोन मुख्य किडी, तांबडा भुंगेरा आणि फळमाशी, आशियातल्या आहेत. काकडी, कारलं, दोडका, पडवळ आणि रानातली कडू फळं यांवर त्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या होत्या. त्याच कुळातला एक नवा, रसाळ, मोठ्या पानांचा वेल दारात आला तेव्हा त्यांनी तो सहज आपलासा केला.

भोपळ्याच्या संरक्षणाचा विचार मला म्हणून नेहमी वेलाच्या वयाच्या हिशोबाने करावासा वाटतो. कोणत्या वयात कोण येतं हे कळलं की ‘काय फवारू?’ हा प्रश्न बराच लहान होतो.

बी रुजून पहिली दोन जाड पानं वर आली की तांबडा भुंगेरा हजर होतो. लांबीला जेमतेम सहा ते आठ मिलिमीटर, पाठ चकचकीत नारिंगी-तांबडी. जवळ गेलं की झटकन उडतो किंवा पानाखाली जातो. कोवळ्या पानांना गोल गोल भोकं पडलेली दिसली की हे त्याचंच काम. भोपळ्याच्या कुळातल्या वेलींनी शत्रूंपासून बचावासाठी एक अतिशय कडू द्रव्य तयार केलं आहे. कडू दुधी किंवा कडू काकडी चुकून तोंडात गेली की जीभ आक्रसते ती त्याच्यामुळे. बहुतेक प्राणी या कडवटपणापासून लांब राहतात. तांबड्या भुंगेऱ्याच्या बाबतीत मात्र उलटं झालं आहे. या कडू द्रव्याने त्याची भूक चाळवते, आपलं अन्न तो त्यावरूनच ओळखतो. या गटातले काही भुंगेरे खाण्याआधी पानावर गोलाकार चर पाडतात, म्हणजे आतल्या तुकड्याकडे येणारा चीक तुटतो, आणि मग निवांतपणे मधला भाग खातात. वेलाने शस्त्र घडवावं आणि किड्याने त्याची धार बोथट करावी, असा हा जुना सामना आहे.

या भुंगेऱ्याचं नुकसान सगळ्यात जास्त होतं ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. रोपाला दोनच पानं असताना त्यातलं दीड पान गेलं तर रोप मरतं. वेल दोन हात लांब झाल्यावर तेवढीच पानं खाल्ली तर त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून उपाय याच काळात एकवटायचे. सकाळी दव असताना, ऊन चढायच्या आत हे भुंगेरे गारठलेले असतात, पटकन उडत नाहीत. तेव्हा ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. परसातल्या दहा-बारा आळ्यांना याहून चांगला उपाय नाही. दवावरच चुलीतली राख पानांवर भुरभुरायची आपल्याकडची पद्धतही उपयोगाची आहे. राखेचा थर असलेलं पान भुंगेऱ्याला नकोसं होतं, पण पाऊस किंवा पाणी पडलं की ती पुन्हा टाकावी लागते. प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया टाकून शेवटी दोन जोमदार रोपं ठेवायची. नाही तर पिशवीत, घराच्या आडोशाला, जाळीखाली रोपं वाढवून तीन-चार खरी पानं आल्यावर लावायची. वाढलेलं रोप भुंगेऱ्याच्या तडाख्यातून सहसा वाचतं. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी आळ्यावर घातली तर फवारणीची गरजच पडत नाही. मात्र पहिलं फूल दिसताच ती काढायची. का, ते पुढे येईलच.

भुंगेऱ्याची दुसरी चाल जमिनीखाली चालते आणि ती लक्षात येत नाही. मादी बुंध्याजवळच्या ओलसर मातीत अंडी घालते. त्यातून निघालेल्या पांढुरक्या अळ्या मुळं आणि जमिनीलगतचं खोड कुरतडतात, मातीला टेकलेल्या फळाच्या सालीतही शिरतात. वरून पानं धडधाकट दिसत असताना वेल अचानक मलूल झाला तर उपटून मूळ पाहावं. पीक निघाल्यावर वाळलेल्या वेलांचा पसारा तसाच टाकून दिला तर पुढच्या हंगामाचे भुंगेरे त्यात आणि खालच्या मातीत टिकून राहतात. वेल गोळा करून खड्ड्यात कुजवायचे आणि जमीन लगेच नांगरायची. उलटलेल्या ढेकळांतल्या अळ्या आणि कोष ऊन आणि पक्षी संपवतात.

आता फळमाशी. महाराष्ट्रात कारलं, काकडी, दोडका, भोपळा लावणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात मोठं दुखणं हेच असतं. दिसायला घरमाशीएवढी, पण अंग पिवळसर तपकिरी, पंख पारदर्शक आणि त्यावर गडद पट्टे. मादीच्या शेपटाशी सुईसारखी नळी असते. कोवळ्या फळाच्या सालीत ती नळी खुपसून ती आत अंडी घालते. बाहेर एक बारीक टिंब उरतं, त्यातून डिंकासारखा थेंब येऊन वाळतो. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, अळ्या गर खात आत शिरतात, फळ एका बाजूने वाकडं होतं, सडतं, गळून पडतं. आठवडाभरात अळी पूर्ण वाढते आणि फळाबाहेर येऊन मातीत कोषात जाते. बाहेर येताना ती शरीर वाकवून तोंड शेपटीला अडकवते आणि एकदम सोडते. स्प्रिंगसारखी ती वितभर लांब उडी मारते. सडलेली काकडी फोडल्यावर ‘किडे उड्या मारतात’ असं आजीच्या तोंडून ऐकलं असेल, ते शब्दशः खरं आहे.

यात शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट अशी, की अळी फळाच्या आत असताना तिच्यापर्यंत कोणतीही साधी फवारणी पोचत नाही. टिंब दिसल्यावर औषध मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं. माशीला गाठायचं तर तीन ठिकाणी गाठता येतं: अंडी घालण्याआधी, गळलेल्या फळात, आणि मातीत.

तिन्हींत गळलेल्या फळाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. किडलेली फळं बांधावर फेकायची आपली सवय आहे. बांधावरचं ते एक फळ म्हणजे पुढच्या पंधरा-वीस दिवसांत शेतात परतणाऱ्या शेकडो माश्या. किडलेलं फळ रोज वेचायला हवं. दोन फूट खोल खड्ड्यात पुरायचं, नाही तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवायचं. उथळ पुरलं तर माशी मातीतून वर येते. हे काम एकट्याने करून भागत नाही. शेजारचा कारल्याचा मांडव तसाच राहिला तर माशी तिथून येते, म्हणून चार शेजाऱ्यांनी मिळून हे ठरवलं तरच त्याचा अनुभव येतो.

अंडी घालण्याआधी माशीला पकडण्यासाठी गंधाचे सापळे आहेत. इथे एक गफलत फार होते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक सापळा’ कोकणातल्या आंबा बागायतदारांच्या चांगल्या ओळखीचा आहे. आंब्यावरच्या फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉल या गंधाकडे येतात. वेलभाज्यांवरची माशी वेगळी. तिच्या नराला तो गंध ओढत नाही, त्याला क्यू ल्युर लागतं. दुकानातून ‘फळमाशीचा सापळा’ एवढंच सांगून आणलेली आंब्याची गोळी भोपळ्याच्या शेतात टांगून ठेवली तर त्यात आपली माशी सापडत नाही, आणि शेतकरी म्हणतो, ‘सापळे कामाचे नाहीत.’ गोळीचं नाव वाचून घ्यावं. एकरी आठ-दहा सापळे, कमरेच्या उंचीला, सावलीच्या बाजूला, आणि फुलं यायच्या सुमारालाच. फळं किडू लागल्यावर टांगले तर उशीर झालेला असतो. सापळ्यात फक्त नर येतात, त्यामुळे आधीच संग झालेली मादी सुटते. सापळ्याच्या जोडीला बाकीची कामं लागतातच.

कोषातून बाहेर आलेली मादी लगेच अंडी घालत नाही. आधी कित्येक दिवस तिला खाणं लागतं, विशेषतः प्रथिनं. शिवाय ती दिवसभर भोपळ्याच्या वेलात राहतही नाही. अंडी घालायला वेलावर येते आणि एरवी शेजारच्या उंच, दाट झाडांत, मक्यासारख्या पिकात विसावते. हवाई बेटांवर या माशीचा खूप अभ्यास झाला, तिथे हे स्पष्ट दिसलं. याचा फायदा घेता येतो. शेताच्या कडेला मक्याच्या एक-दोन ओळी लावायच्या. गुळाच्या पाण्यात शिफारशीच्या मात्रेत कीटकनाशक मिसळून ते आमिष मोठ्या थेंबांनी त्या मक्याच्या पानांखाली टाकायचं. विष भोपळ्याच्या फुलावर पडत नाही, फळावर राहत नाही, आणि भुकेली माशी स्वतःहून त्याच्याकडे जाते. मला हा उपाय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण तो माशीच्या सवयीवर बेतलेला आहे.

परसबागेत याहून सोपं काम आहे. साल कडक झालेल्या भोपळ्याला माशी फारसं काही करू शकत नाही. धोका असतो तो फळ धरल्यापासून साधारण पहिल्या दोन आठवड्यांत. फूल मिटून फळ फुगायला लागलं की त्याला कागदी किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी सैलसर बांधायची. वाणाचाही विचार करता येतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का सूर्यमुखी’ हा लहान, गोल, नारिंगी फळांचा वाण फळमाशीला प्रतिकारक म्हणून शिफारस झालेला आहे.

या माशीचा पूर्ण नायनाट करून दाखवला तो जपानने. हवाईत ती १८९५ च्या सुमारास पोचली होती, जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरही तिने ठाण मांडलं. तिथली कारली आणि इतर वेलभाज्या मुख्य जपानात न्यायला बंदी आली. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत प्रचंड संख्येने माश्या वाढवल्या, कोषावस्थेत त्यांना किरणोत्साराने निर्बीज केलं आणि बेटांवर सोडलं. निर्बीज नराशी संग केलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत, पिढी खुंटते. कुमे या बेटावरून ती १९७८ मध्ये हटली आणि १९९३ पर्यंत सगळ्या बेटांवरून. त्यानंतर ओकिनावाचं कारलं जपानभर पोचलं आणि घरोघरी रुचलं. समुद्राने वेढलेल्या बेटांवर जे जमलं ते सलग पसरलेल्या आपल्या प्रदेशात जमणं फार कठीण, कारण माशी शेजारच्या तालुक्यातून पुन्हा येते. म्हणून आपल्याकडे भर रोजच्या स्वच्छतेवर आणि आमिषांवरच द्यावा लागतो.

मघाशी जाळी काढायची म्हटलं, त्याचं कारण मधमाशी. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा आधीपासून असतो, नर फुलाखाली नुसता लांब देठ. फुलं पहाटे उमलतात आणि दुपार व्हायच्या आत मिटतात. परागकण मोठे, जड आणि चिकट, वाऱ्याने ते उडत नाहीत. कुणाला तरी ते अंगावर वाहून न्यावेच लागतात. अमेरिकेत या कामासाठी भोपळ्याच्याच फुलांवर जगणाऱ्या खास माश्या आहेत. त्या काही वेलाबरोबर आल्या नाहीत. आपल्याकडे ते काम सातेरी, आग्या, फुलोरी आणि इतर रानमाश्यांनी अंगावर घेतलं. वैऱ्यांसारखीच ही मैत्रीही इथेच जुळली.

ही मधमाशी न आल्याचे परिणाम अनेकदा रोग म्हणून खपवले जातात. ‘भोपळे धरतात आणि लिंबाएवढे होऊन पिवळे पडून गळतात, काय मारू?’ हा प्रश्न पावसाळ्यात दर गावात ऐकू येतो. त्या गळलेल्या फळाला माशीचं टिंब नसेल, आत अळी नसेल, तर बहुतेक वेळा कारण एकच: परागीभवन झालं नाही. सकाळी धो-धो पाऊस असेल, आसपास फवारणी झाली असेल, किंवा मधमाश्याच उरल्या नसतील. त्यावर औषध नाही, हात आहे. सकाळी लवकर ताजं नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आतल्या बोंडावर हलकेच फिरवायचा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. सुरुवातीचे काही दिवस नुसती नर फुलं येऊन गळतात, तोही रोग नव्हे, वेलाचा क्रमच तसा आहे. युरिया जास्त पडला तर वेल पानांनी माजतो, नर फुलंच येत राहतात, आणि कोवळ्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा लवकर बसतो.

आणखी दोन खोटे रोग इथेच सांगायला हवेत. उन्हाळ्यात भर दुपारी भोपळ्याची पानं छत्री मिटावी तशी लोंबतात. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली तर वेल निरोगी आहे. एवढ्या मोठ्या पानांतून उडणारं पाणी मुळांना त्या वेळी पुरवता येत नाही, इतकंच. सकाळीही मलूल दिसला तर मात्र मूळ आणि बुंधा तपासा. दुसरं, पानावरचे पांढरे डाग. लाल भोपळ्याच्या कित्येक वाणांत शिरांच्या फाट्यांपाशी चंदेरी-पांढरे ठिपके जन्मजात असतात. त्यांना भुरी समजून लोक फवारण्या करतात. ओळखायला सोपं आहे: बोटाने पुसून पाहा. जन्मजात डाग पुसला जात नाही, तो कोवळ्या पानापासून असतो आणि प्रत्येक पानावर शिरांच्या जाळ्याला धरून एकाच नमुन्यात दिसतो. भुरी पिठासारखी बोटाला लागते आणि कुठेही, कशीही पसरलेली असते.

खरी भुरी येते ती पाऊस सरल्यावर, कोरड्या दिवसांत आणि गारव्याच्या रात्रीत. बहुतेक बुरशींना रुजायला पानावर पाण्याचा थर लागतो, भुरीला लागत नाही, उलट जोराचा पाऊस ती धुऊन टाकतो. आधी जुन्या, सावलीतल्या पानांवर ठिपके येतात, मग सगळं पान पांढरं होतं आणि वाळतं. पानं गेली की फळं उन्हाला उघडी पडतात, गोडी कमी राहते. वेलाच्या ऐन वाढीत भुरी आली तर उपाय करावाच. पण फळं पक्व होत आली असताना खालची जुनी पानं पांढरी पडली तर मी काही करणार नाही. वेल तसाही आपलं काम संपवत आणलेला असतो, तिथे खर्च करून हाती काही लागत नाही.

भुरीवर गंधक हे जुनं औषध. वेलवर्गाची पानं मात्र गंधकाला हळवी असतात, कडक उन्हात फवारलं तर करपतात. म्हणून ऊन उतरल्यावर, सौम्य प्रमाणात, आणि आधी दोन-चार पानांवर चाचणी घेऊन. घरच्या बागेसाठी दुधाचा उपाय आहे. ब्राझीलमधल्या वॅग्नर बेट्टिओल या शास्त्रज्ञाने १९९९ मध्ये भोपळ्याच्याच जातभाईवर, झुकिनीवर, गाईच्या दुधाच्या फवारणीचे प्रयोग प्रसिद्ध केले. दहा टक्के किंवा त्याहून अधिक दूध असलेलं पाणी नेमाने फवारलं तर भुरी आटोक्यात राहते असं त्यात दिसलं. एक वाटी दुधात नऊ वाट्या पाणी, आठवड्यातून एकदा, ठिपके दिसायला लागताच. पांढऱ्या झालेल्या पानाला ते पुन्हा हिरवं करत नाही.

केवडा हा पावसाळी रोग, आणि कोकणात, घाटमाथ्यावर त्याचा जोर असतो. पानाच्या वरच्या बाजूला पिवळे, कोनाकोनांचे ठिपके पडतात. शिरा त्यांना अडवतात, म्हणून कडा सरळ कापल्यासारख्या दिसतात. पहाटे दव असताना पान उलटं केलं की त्याच जागी करडी-जांभळट लव दिसते. तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, शैवालांच्या जवळच्या एका वेगळ्याच गटातला आहे. म्हणून भुरीचं गंधक केवड्यावर चालत नाही. ही चूक महागात पडते, कारण केवडा भुरीसारखा सवड देत नाही. सलग ढगाळ, ओल्या आठवड्यात तो वेल करपवून टाकतो. वेल विरळ ठेवणं, मांडवावर चढवणं, पाणी पानांवर न टाकता बुंध्याशी आणि सकाळी देणं यांनी पान लवकर सुकतं आणि रोगाला वेळ मिळत नाही. बुरशीनाशक वापरायचंच असेल तर संरक्षक औषध रोग पसरण्याआधी पानाच्या खालच्या बाजूला पोचायला हवं. नेमकं कोणतं, ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात रोगट पान दाखवून ठरवावं.

विषाणूंवर औषध नाही, एवढं वाक्य पक्कं ध्यानात ठेवावं. पानं हिरवी-पिवळी चट्ट्यापट्ट्यांची होतात, सुरकुततात, शेंडा आखडतो, फळाला गाठी येतात. किंवा शिरा पिवळ्याजर्द होतात. पहिला प्रकार बहुधा मावा पसरवतो, दुसरा पांढरी माशी. मावा रोगट पानात सोंड खुपसतो आणि काही सेकंदांत विषाणू उचलतो, पुढच्या पानात तितक्याच वेळात सोडतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं, म्हणून माव्यावर फवारणी करून हा रोग थांबत नाही. पांढऱ्या माशीला विषाणू उचलायला जास्त वेळ लागतो, पण एकदा उचलला की तो तिच्यात दीर्घकाळ राहतो. त्यामुळे तिची संख्या सुरुवातीपासून कमी ठेवण्याला अर्थ आहे. पिवळे चिकट सापळे, पाच टक्के निंबोळी अर्क, बांधावरचं तण काढणं आणि चंदेरी मल्चिंग. चंदेरी पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने उडत येणारे मावा आणि पांढरी माशी गोंधळतात, वेलावर कमी उतरतात. रोगट वेल दिसला की फळाचा मोह न धरता उपटायचा.

निंबोळी अर्क घरी करायला अवघड नाही. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, एक लिटर होईल एवढं पाणी आणि चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून फवारायचं. उरलेला अर्क उद्यासाठी ठेवू नये.

ठिपक्यांचे भुंगेरे पान खरवडून त्याची जाळी करतात, त्यांच्या काटेरी पिवळ्या अळ्या पानाखाली सापडतात, त्या हाताने चिरडाव्यात. नागअळीच्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा भयानक दिसतात, पण एवढ्या मोठ्या पानाच्या वेलाला त्यांनी फारसं बिघडत नाही. मर रोगाच्या बाबतीत लाल भोपळा दणकट आहे. जपानमध्ये १९२० च्या दशकापासून कलिंगडाची कलमं भोपळ्याच्या मुळांवर बांधतात, ती मातीतल्या मर रोगातून वाचण्यासाठीच. तरी एकाच जागी वर्षानुवर्षं वेलभाज्या लावू नयेत.

रासायनिक औषधांच्या बाबतीत भोपळ्याचं एक वैशिष्ट्य फारसं बोललं जात नाही. जुन्या काळी तांबड्या भुंगेऱ्यावर बीएचसीची पावडर सर्रास धुरळली जायची. १९९७ मध्ये भारतात तिच्यावर बंदी आली. अशी टिकाऊ क्लोरीनयुक्त विषं मातीत दशकानुदशकं राहतात आणि बहुतेक पिकं ती फारशी उचलत नाहीत. भोपळा आणि झुकिनी यांच्या वंशातल्या काही जाती मात्र ती मुळांतून शोषून फळापर्यंत पोचवतात. अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्रात यावर बरंच काम झालं आहे. ज्या कोपऱ्यात पूर्वी असली पावडर साठवली किंवा ओतली गेली होती तिथे भोपळा लावू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

आणि जे काही फवारायचं ते संध्याकाळी. फुलं मिटलेली, मधमाश्या पोळ्यात परतलेल्या, आणि रात्रीतून औषध सुकलेलं. डब्यावरचा त्रिकोण पाहावा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल त्रिकोणाला घरच्या भाजीत जागा नाही. फवारणी आणि तोडणी यांतलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळावं. ज्या घरात भोपळ्याच्या फुलांची भजी आणि कोवळ्या शेंड्यांची भाजी होते त्यांनी हे अंतर फुलांना आणि पानांनाही लावायचं असतं, कारण ती रोज खुडली जातात.

पावसाळ्यात मातीला टेकलेलं फळ खालून कुजतं. त्याच्याखाली भाताचा पेंढा, पालापाचोळा किंवा एखादं फळकूट सरकवलं की बुरशी आणि भुंगेऱ्याची अळी दोन्ही टळतात. देठ वाळून खडबडीत झाला आणि सालीवर नख रुतेनासं झालं की भोपळा काढावा, तोही देठ चार बोटं ठेवून. देठ मोडला की तिथूनच बुरशी आत शिरते, आणि उचलताना लोक नेमका देठच धरतात. काढलेली फळं आठवडाभर वाऱ्यावर ठेवून साल घट्ट होऊ द्यावी, मग माळ्यावर किंवा फळीवर एकमेकांना न चिकटता मांडावीत. अशी ठेवलेली चांगली फळं कित्येक महिने टिकतात. अधूनमधून प्रत्येक फळ उलटून पाहावं. देठाशी किंवा बुडाशी बोट रुतलं तर ते फळ त्याच दिवशी चिरावं.